नऊ जण अजून शिकत्यात

लहानपणी आईने, लग्नानंतर सासूने आणि साथीच्या वर्षांत सरकारने मिळून मला जितक्या वेळा हात धुवायला लावले असतील, त्याच्या दुप्पट वेळा सरांनी एकट्याने लावले. तेही चार महिन्यांत. आणि एवढं करून माझ्या सर्टिफिकेटवर सही केली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही लिहीन त्यातला राग कुठून येतो ते कळेल.

सर जुन्नरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि मी तिथे अकरा महिन्यांच्या करारावर लॅब असिस्टंट होते. सर मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या पलीकडच्या एका गावचे. पुण्यात पीएचडी केली, बाहेर कुठेकुठे चार वर्षं काढली आणि परत आले, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. फळ्यावर इंग्रजीत सूत्रं लिहायची आणि पोरांकडे वळून सांगायचं, “आता ह्यो इलेक्ट्रॉन हितनं उठतो आन् तकडं जाऊन बसतो. का? तर त्याला हितं करमंना.” पोरांना हे लई आवडायचं. प्राचार्यांना अजिबात आवडायचं नाही.

त्यांच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता. म्हणजे आणताना असायचा, पण सर घरी आणल्या आणल्या ब्लेडने उसवून टाकायचे. “खिसा म्हंजे धुळीचं कोठार.” त्यामुळे पेन ठेवायला जागा नाही. मग पेन दिवसभर हातात. टोपण काढलेलं, अंगठा आणि बोटांत धरलेलं. नवीन माणसाला वाटायचं, हे आता कशावर तरी सही करणार. आम्हाला ठाऊक होतं की हा माणूस सही सोडून बाकी सगळं करेल.

सरकारची एक योजना होती. नॅनो तंत्रज्ञान लहान गावांतल्या मुलांना शिकवायचं, कंपन्यांना लागणारे कुशल हात तयार करायचे, त्यासाठी कॉलेजांना अनुदान द्यायचं. सरांनी तीन वर्षं ओळीने अर्ज केला. तिसऱ्या वर्षी तो मंजूर झाला तेव्हा सर सोडून सगळ्या कॉलेजला धक्का बसला. प्राचार्यांना सभागृह हवं होतं, संस्थेच्या अध्यक्षांना कमान हवी होती, आणि आलं काय, तर वनस्पतीशास्त्राच्या जुन्या कोठीत दुहेरी दारांची एक पांढरी खोली. आत हवा गाळणारी यंत्रं, एक चांगला सूक्ष्मदर्शक, आणि काचेवर लेप देणारं एक यंत्र. त्याच्या तबकडीवर काच ठेवायची, वर थेंबभर द्रव सोडायचा आणि तबकडी जोरात फिरवायची, की डोळ्याला न दिसणारा पातळ थर काचेवर पसरतो. त्या थराखाली धुळीचा एक कण सापडला की काम वाया. एवढं साधं आहे. एवढंच सरांनी चार महिने शिकवलं.

उद्घाटनाला अध्यक्ष नारळ घेऊन आले. सरांनी त्यांना नारळ बाहेर चिंचेखाली फोडायला लावला, वर फेटा उतरवून डोक्याला पातळ टोपी घाला म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी फेटा उतरवला नाही. सरांनी दार उघडलं नाही. शेवटी फीत बाहेरच्या दाराला बांधली, कापली, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्ष काचेतून आत बघून निघून गेले. मी तेव्हाच ओळखलं होतं की या खोलीचं काही खरं नाही.

कोर्सला वीस जागा होत्या, अर्ज आले एकोणीस. योजनेला वीसच हवे होते. म्हणून प्राचार्यांनी विसावं नाव माझं टाकलं. “मॅडम, तुम्ही तिथंच असता, बसा त्यांच्यात.” मी बसले. चार महिन्यांत एक कागद मिळेल, कराराची भीक मागायला नको, कुठेतरी कायमची नोकरी लागेल, असा माझा साधा हिशेब होता. सरांच्या हातातलं ते पेन मधे येईल हे मला कसं कळणार?

आणि नॅनो म्हटलं की आमच्याकडे लोकांना एकच गोष्ट माहीत. खताची बाटली. एकदा ओझरहून एक शेतकरी पिवळा पडलेला टोमॅटोचा पाला घेऊन आला. “नॅनोवाले साहेब हितंच बसत्यात ना? कुटली बाटली मारू?” मी त्यांना कृषी सेवा केंद्राचा रस्ता सांगत होते, तेवढ्यात सर बाहेर आले. पाला हातात घेतला. मग म्हणाले, “पावणं, हात धुवा आन् आत या.” तासभर त्या माणसाला पानावरची लव दाखवत बसले. लवेत अडकलेले किडीचे पाय दाखवले, थेंब पानावर का टिकत नाही ते दाखवलं. बाहेर वीस जणांचा वर्ग ताटकळलेला. तो शेतकरी जाताना मला म्हणाला, “बाटलीचं नाव न्हाई सांगितलं राव, पन माणूस लई भारी हाय.” मी त्या दिवशी एक तास उशिरा सुटले आणि माझी एसटी गेली.

सरांची परीक्षा ही तर वेगळीच तऱ्हा होती. पेपर नाही, तोंडी नाही. प्रत्येकाला बोटभर लांबीची एक काच दिली. ती घरी न्यायची, धुवायची, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावाहून, एसटीने, जीपने, मोटरसायकलवर, जसं येत असाल तसं घेऊन यायची. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर एकही कण दिसता कामा नये. कितीही वेळा प्रयत्न करा, सर कंटाळायचे नाहीत. “कंपनीत सोच्छ खोली आयती मिळंल. घरनं हितपातूर काच साफ आनायची आक्कल मातुर कुनी देनार न्हाई.”

मी डिंगोऱ्याहून यायचे. सात वेळा काच आणली, सातही वेळा नापास. आणि सर नुसतं नापास करून थांबायचे नाहीत. डोळा लावून ते कण कुठला आहे ते सांगायचे. “ह्यो झेंडूचा पराग. तुमच्या वाटंला झेंडू लावलाय कुनीतरी. ह्ये कांद्याचं पापुद्रं, ट्रॅक्टरमागं उभ्या व्हता का? आन् ह्यो धागा पदराचा.” त्यांच्याकडे एक वही होती, त्यात गावागावांच्या धुळीची चित्रं काढलेली. ओतूरची धूळ, नारायणगावची धूळ, आळेफाट्याची धूळ. माणसं गावागावांतली सोयरीक ध्यानात ठेवतात, हे धूळ ध्यानात ठेवायचे.

पहिल्यांदा पास झाली ती सविता. घाटाच्या कडेच्या वाडीतली, भात आणि नाचणीची घरची शेती, एसटी वाडीपर्यंत जातच नाही. दोन मैल मातीची वाट तुडवून ती यायची. तिने काय करावं? गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, स्टीलचा डबा त्या पाण्याने काठोकाठ भरला, काच त्यात बुडवली आणि झाकण लावून डबा छातीशी धरून आली. पाण्यात धूळ पोचायची कशी? सरांनी लॅबमध्ये काच बाहेर काढली, रबरी फुग्याच्या हवेने वाळवली, डोळा लावला. काच या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवून बघितली. मग पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. पेन खाली ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पाण्याचे डबे घेऊन आला. मीही आणला. माझ्या डब्यात आधी लोणचं होतं.

आता माझ्या चुकीचं सांगायला हवं, तोंडाशी येऊन थांबतंय खरं. खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, ट्रॅक्टर, विहिरीची मोटर, शिलाई मशीन. कॉलेजात प्रत्येक लॅबमध्ये होते. सर त्या दिवशी कामाला पुण्याला गेलेले. कॉलेजातलं सगळ्यात महागाचं यंत्र, आणि त्याचीच पूजा नाही? मला ते बघवेना. मी डोक्याला टोपी घातली, पायात पिशव्या चढवल्या, हात धुतले, सगळं नियमाने केलं. मग लेपाच्या यंत्राचं झाकण उघडून तबकडीवर हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, पुढे उदबत्ती लावली. नमस्कार करून झाकण परत लावलं. बाहेर पडताना मला फार बरं वाटत होतं.

दसऱ्यानंतर सर आले. मी दारातच उभी राहिले, ओरडतील म्हणून. ओरडले नाहीत. चिमूटभर हळद काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बोलावलं. “या, बघा.” मी बघितलं. पिवळ्या ढेपाच्या ढेपा. “देवाला भाईर बसवा, राव,” सर म्हणाले. “हितं मानसालाच आत यायची मारामार हाय.”

उदबत्तीच्या धुराने हवेची गाळणी गेली होती, यंत्राच्या फटीफटीत कुंकू शिरलं होतं. कोर्स तीन आठवडे बंद पडला. सर रोज सकाळी येऊन एकटेच ते यंत्र खोलून साफ करायचे. मला हात लावू देत नव्हते. पुढे एकदा प्राचार्यांनी माझ्यासमोरच विचारलं, तीन आठवडे का फुकट गेले? सर म्हणाले, “माझी चूक. दार नीट लावलं न्हवतं.” आणि पुढच्या विषयावर गेले. ही त्यांची पद्धत मला सगळ्यात जास्त चीड आणायची. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही मनातल्या मनात चार घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. असं पांघरूण घातल्यावर माणसाने रागवायचं तरी कसं?

चार महिने संपता संपता अनुदानाचा दुसरा हप्ता द्यायचा की नाही हे ठरवायला समिती आली. दोन साहेब आणि एक बाई. प्राचार्यांनी रस्त्यावर टँकरने पाणी मारून घेतलं, तर सरांनी चिखल केला म्हणून भांडण काढलं. तोपर्यंत पास झालेले होते अकरा. नऊ जण राहिलेले, त्यात मी. वीस सर्टिफिकेटं छापून तयार, फक्त सरांची सही बाकी. दुसरा हप्ता आला तर कोर्स चालणार, कोर्स चालला तर माझा करार वाढणार. सगळं त्या पेनवर.

बाईंनी विचारलं, “कितने बच्चे ट्रेन हुए?”

“ट्वेंटी, मॅडम,” प्राचार्य म्हणाले. “फुल ट्वेंटी.”

“अकरा,” सर म्हणाले.

बाई चांगल्या होत्या. मराठीत म्हणाल्या, “सर, फॉर्मात एकच रकाना आहे. वीसच्या जागी अकरा लिहिलं तर पुढचा हप्ता अडकेल. थोडं फार इकडे तिकडे सगळेच करतात.”

“मग आजून एक रकाना काडा,” सर म्हणाले. “नऊ जण अजून शिकत्यात. नापास न्हाईत ते. शिकत्यात. त्याला सरकारकडं जागा नसंल तर आमचा इलाज न्हाई.”

समिती जेवून गेली. श्रीखंड-पुरीचा बेत होता, कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मी सरांना व्हरांड्यात गाठलं. आयुष्यात कधी कुठल्या शिक्षकाला बोलले नव्हते तशी बोलले. म्हटलं, “सर, आठ पोरांचं आणि माझं वाटोळं केलंत तुम्ही. एका सहीने काय बिघडणार होतं?”

सर माझ्याकडे बघत राहिले. खरंच आश्चर्य वाटल्यासारखे. “एका कनानं काय बिघडतंय,” ते म्हणाले, “त्येच तर चार म्हयने शिकवलं न्हवं का मी तुमास्नी?”

हप्ता आला नाही. कोर्स बंद झाला. यंत्रावर चादर पडली, पांढऱ्या खोलीत परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गेले. सर पुढच्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. माझा करार संपला. प्राचार्यांनी आम्हा नऊ जणांना ‘सहभागी झाल्याबद्दल’ म्हणून एक रंगीत कागद दिला, तो मी नोकरीसाठी पाच ठिकाणी दाखवला, पाचही ठिकाणी लोकांनी मागून पुढून बघून परत दिला. शेवटी जुन्नरच्या बाजारपेठेत एका कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसले. दिवसभर नॅनो खताच्या बाटल्या विकते. हसायचं असेल त्याने हसून घ्यावं.

मग या उन्हाळ्यात सविताचा फोन आला. ती चाकणजवळच्या एका कंपनीत आहे, चष्म्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या काचांवर लेप देतात तिथे. आता ती आठ जणींवर देखरेख करते. म्हणाली, “ताई, एक जागा निगालीय. कायमची. पन साहेब म्हंत्यात, त्या जुन्नरच्या सरांच्या सहीचं सर्टिफिकेट असंल तरच सांग. आमा आकरा जणांतलं कुनाचंच काम परत आलं न्हाई ना आजपातूर, म्हणून.” मी फोन ठेवला आणि आधी सरांना शिव्या दिल्या. मग स्टीलचा डबा शोधला. नवा, लोणचं न घातलेला.

डिंगोऱ्याहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव, पुढे जीप. डबा मांडीवर. शेजारची बाई विचारत होती, “डब्यात काय, परसाद हाय का?” मी म्हटलं, काच आहे. तिने जागा बदलली.

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. पांढरा शर्ट, खिसा नाही, हातात पेन. आवाजावरून मला ओळखलं. “लॅबवाल्या मॅडम का? या. हात धुवा.” सरांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं. मी हात धुऊन आले तेव्हा मला त्यांच्या शर्टावर पोटाशी वरणाचा डाग दिसला. वाळलेला, चांगला तळहाताएवढा. या माणसाने एका पापुद्र्यासाठी मला सात वेळा परत पाठवलं होतं.

पडवीत त्यांचा स्वतःचा जुना सूक्ष्मदर्शक होता. चाचपत त्यांनी काच डब्यातून चिमट्याने काढली. फुग्याने वाळवली. हात तेच होते, सफाईदार, काचेची फक्त कड धरणारे. काच खाली सरकवली, डोळा लावला, बराच वेळ बघत राहिले. “हं,” म्हणाले. दोन्ही बाजूंची चाकं फिरवली. “हं.”

सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावलेलाच नव्हता.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली आणि पदराने डोळे पुसले. मी हात पुढे केला आणि गुपचूप बटण दाबलं. सरांना त्याचाही पत्ता लागला नाही. थोड्या वेळाने ते मागे टेकले.

“तुमीच बघा,” म्हणाले. “मला आता लई बारीक न्हाई दिसत. सांगा, हाय का काय?”

मी डोळा लावला. मला जीपमध्येच वाटलं होतं, आज होणार. आणि बरोबर मधोमध, एक कण. माझ्या समोर चाकणची नोकरी होती, कायमची, आणि हातभर अंतरावर एक आंधळं होत चाललेलं माणूस पेन धरून बसलं होतं. नाही म्हणायला काय लागत होतं?

“आहे, सर. एक आहे.”

“कशाचा?”

“एसटीच्या सीटच्या रेक्झिनचा तुकडा असावा.”

“मग धुवा.”

मी अंगणात जाऊन काच धुतली. काकूंनी बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणून दिला, घरात तो असायचाच. परत बघितलं. “दोन आहेत, सर.” परत धुतली. “अजून एक आहे.” ऊन डोक्यावर आलं, काकूंनी भाकरी टाकल्या, मी तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा तीच काच धुतली आणि प्रत्येक वेळी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला परत पाठवलं. मनातल्या मनात त्यांच्यावर इतकी चिडले होते की फुगासुद्धा नीट दाबला जात नव्हता.

पाचव्या वेळी मी बराच वेळ बघितलं. कडा बघितल्या, कोपरे बघितले. परत मधे आले.

“नाही, सर. एकही नाही.”

सर उठून बघायला आले नाहीत. काकूंना म्हणाले, “ती प्लास्टिकची पिशवी आन.” पिशवीत कॉलेजने छापलेली ती सर्टिफिकेटं होती, सही न झालेली. मला वाटलं नऊ असतील. होती तीन.

“बाकीची?”

“नेली की. येत्यात येकेक जण, रविवारचं. चांगलं साताठ येळा धुत्यात.” त्यांनी कागद हाताने चाचपले. “तुमचं कुटलं ते बघा. आन् सही कुटं ते दावा.”

मी त्यांचं बोट धरून रेघेवर नेलं. त्यांनी सही केली, जरा वर चढलेली, पण पूर्ण नावाची. खाली आजची तारीख घातली. मी कागद घ्यायला हात पुढे केला तसा त्यांनी तो मागे ओढला.

“थांबा. आधी हात धुवा.”

मी उठले आणि हात धुतले. तोंडही धुतलं, कारण तोपर्यंत ते धुवायची वेळ आली होती.